ताईचा नंतरचा फोटो

ऑफिसात मला खोडरबर म्हणायचे. नाव ठेवलं कलाविभागाच्या प्रमुखाने. त्याला आम्ही पाठीमागे इंचटेप म्हणायचो, म्हणजे फिट्टंफाट. बायकांच्या एका साप्ताहिकात मी फोटो साफ करायचे. साफ म्हणजे काय ते आधीच सांगते. पोट आत ढकलायचं, दंडाखालचं लोंबतं कापायचं, मांड्यांमध्ये फट नसेल तर पाडायची, काखेतली घडी पुसायची. काखेत घडी नसेल तर बाई हात खाली कसा आणणार, हा प्रश्न बारा वर्षांत एकानेही विचारला नाही. एकदा एका नटीची बेंबीच माझ्या हातून पुसली गेली. अंक छापून घरोघरी गेला आणि एक पत्र आलं नाही. उलट पोट फार छान आलंय, असा तिच्या मॅनेजरचा निरोप आला.

हे सांगताना आता मला किळस येते. तेव्हा येत नव्हती. तेव्हा मी एका हाताने डबा खात दुसऱ्या हाताने कंबरा कापत बसायचे.

आमच्याकडे सगळ्यात जास्त वाचलं जाणारं पान म्हणजे शेवटून दुसरं. ‘आधी आणि नंतर’. एक वाचक बाई, दोन फोटो. डावीकडे जाड, उजवीकडे बारीक, आणि खाली तिने काय खाल्लं, किती चालली, याची यादी. त्यातली निम्मी जाडी आमचीच असायची. डावीकडच्या फोटोला दिवा वरून मारायचा, म्हणजे डोळ्यांखाली खड्डे पडतात. बाईला सांगायचं, पोट सैल सोडा, केस विंचरू नका, हसू नका. मग त्याच दिवशी दोन तासांनी तीच बाई, मेकअप करून, बाजूच्या उजेडात, श्वास आत ओढून, हसा आता. मधले चार महिने मी कॉम्प्युटरवर घालायचे. खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे म्हणतात ना, आमच्याकडे दोन्ही मीच पांढरे करायचे.

त्या गुरुवारी ठरलेली बाई आलीच नाही. फोन करून म्हणाली, वजन परत आलंय, मला तोंड दाखवायची लाज वाटते. पान शनिवारी छपाईला जायचं होतं. इंचटेप येरझाऱ्या घालत होता.

“एवढ्या मोठ्या शहरात एक बाई बारीक होऊ नये?” तो म्हणाला.

“माझी ताई झालीय,” मी म्हटलं.

हे वाक्य माझं. कुणी माझ्या तोंडून वदवून घेतलं नाही.

माझी ताई शिवणकाम करते. तिच्या घराची पुढची खोली म्हणजेच दुकान. खिडकीशी मशीन, भिंतीला उभा आरसा, कोपऱ्यात कपडे चढवून बघायचा पुतळा. पुतळा विकत आणला तेव्हा त्याचं पोट सपाट होतं. ताईने त्यावर कापूस भरून फडकं गुंडाळलं. म्हणाली, “अशी बाई माझ्या दारात आजवर आली नाही.” तिची आणखी एक पद्धत होती. माप घेताना आकडा कधी मोठ्याने बोलायची नाही. टेप लावायची, बघायची, मुकाट्याने वहीत लिहायची. बाकीच्या टेलरांकडे आत एकजण माप घेतो आणि बाहेरच्याला ओरडून सांगतो, “बेचाळीस, अडतीस, शेहेचाळीस!” ताई म्हणायची, बाईला स्वतःचा आकडा ऐकवू नये, ती तो घरी घेऊन जाते. तिच्याकडे लांबून लांबून बायका यायच्या त्या शिलाईपेक्षा यासाठी.

ताई स्वतः जाड होती. लहानपणी तिला गोणी हे नाव मी ठेवलं आणि ते घरभर झालं. ती हसायची. कुणी हसलं की आपण धरून चालतो, लागलं नसेल.

ही ताई चार महिन्यांत निम्मी झाली. स्वतःचेच ड्रेस उसवून आत घेत होती. आतलं कापड मात्र कापायची नाही, शिलाईत माया ठेवायची, अंगाचं काही सांगता येत नाही म्हणायची. जो तो तिचं कौतुक करत होता. भाऊजी शेजाऱ्यांना सांगायचे, “जुनी बायको देऊन नवी आणलीय.” सासूबाई, ज्यांनी जन्मात तिला बरं म्हटलं नव्हतं, त्या म्हणाल्या, आता माणसात आलीस.

उद्या फोटोला ये म्हणून मी फोन केला तेव्हा ती म्हणाली, “अगं छोटे, उद्या नाही जमायचं. उद्या डॉक्टरकडे नंबर लावलाय.”

“कशाला?”

“जेवणच जात नाही. दोन घास खाल्ले की पोट तट्ट भरतं. आणि झोपेत घाम सुटतो. उशी पिळून घ्यावी इतकी भिजते.”

“ताई, या दोन घासांसाठी इथे बायका जीव टाकतात. बारीक झाले म्हणून डॉक्टरकडे जाणारी तू जगातली पहिली. पुढच्या आठवड्यात जा ना.”

मग म्हणाली, “माझा फोटो? खरंच छापणार?” आवाजात असा काही आनंद होता की मलाच गहिवरून आलं. गोणी म्हणून हाक मारल्याचं आपण फेडतोय, असंसुद्धा मला वाटलं. नंबर तिने रद्द केला.

शुक्रवारी ती जुना, न उसवलेला निळा ड्रेस घेऊन आली. हा ड्रेस आमच्या पानाला हवाच असतो. बाईने तो घालायचा, कमरेशी हाताने पुढे ओढून धरायचा आणि बघा केवढी जागा झाली म्हणून तोंड उघडं ठेवायचं. मेकअपवाली ताईच्या गालाला स्पंज लावत होती. पाच मिनिटांनी ती म्हणाली, “यांना ताप आहे का हो? काही टिकतच नाहीये.”

“घाम नाही तो, चमक आहे,” इंचटेप म्हणाला. “राहू दे. आणि गळ्याची हाडं बघा! ही हाडं मिळवायला लोक वर्षं घालवतात.”

ताईने माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. कधी नव्हे ते तिची हाडं कुणाला आवडली होती.

दिव्यांखाली तासभर उभी राहिल्यावर तिला घेरी आली. तिने मागच्या स्टुलाची कड घट्ट धरली आणि मान एका बाजूला टाकली. फोटोग्राफर ओरडला, “हां, अश्शाच थांबा! काय नैसर्गिक आहे!” त्याने भराभर तीस-चाळीस फोटो काढले. ताईने बिस्कीट मागितलं तर इंचटेप म्हणाला, आत्ता नको, पोट दिसेल. “आता कुठलं पोट उरलंय,” ताई म्हणाली, आणि सगळे हसले. मीही हसले. छापला तो फोटो घेरी आलेला आहे.

संपादकबाईंनी फोनवर तिची मुलाखत घेतली. ताई म्हणाली, मी काही केलं नाही हो, आपोआप झालं. बाई म्हणाल्या, आपोआप छापता येत नाही. मग त्यांनी स्वतःच यादी लिहून काढली. सकाळी लिंबूपाणी, दुपारी वाटीभर उकडलेल्या भाज्या, संध्याकाळी सहानंतर काही नाही, रोज सहा हजार पावलं. ही यादी त्या दर तीन महिन्यांनी पावलं बदलून वापरायच्या.

डावीकडचा फोटो मी घरून आणला. भाचा पदवीधर झाला त्या दिवशीचा. ताईच्या तोंडात केक, डोळे हसून मिटलेले, भाच्याच्या खांद्यावर हात. मी भाच्याला कापला. केक पुसला, त्यामुळे तोंड नुसतंच वेडंवाकडं उघडं राहिलं. रंग काळपट केला, हनुवटीखाली एक वळी वाढवली, रुंदी थोडी ताणली. तिच्या आयुष्यातला बहुधा सगळ्यात सुखाचा दिवस होता तो. मी त्याचं ‘आधी’ केलं.

मग उजवीकडचा. डाव्या बाजूला, गळ्याच्या हाडाच्या वर जिथे खळगा असतो, तिथे एक फुगवटा होता. गोटीएवढा. तो मला दिसला. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे घरात सगळे म्हणत होते, कुणालाच कसं दिसलं नाही. मला दिसला होता. स्क्रीनवर चौपट मोठा करून दिसला होता. मला वाटलं, हा इथे घाण दिसतोय, हाडाची रेघ मोडतोय. मी उजवीकडचा खळगा उचलला, उलटा केला आणि डावीकडे बसवला. दोन टिचक्यांचं काम. मग डोळ्यांखालचं काळं काढलं, ओठांना रंग भरला आणि चहाला गेले.

अंक आला आणि ताईच्या दुकानात जत्रा लोटली. तिने ते पान आरशाच्या कोपऱ्यात चिकटवलं. मी गेले तेव्हा ती लिंबूपाणी पीत होती.

“हे काय नवीन?”

“अगं, गिऱ्हाइकं यादीबद्दल विचारतात. मी नाही म्हटलं तर तुझं ऑफिस खोटं पडतं, हो म्हटलं तर मी खोटी पडते. म्हणून मग सुरूच केली यादी. भूक तशीही नसते.”

ताई ही अशी. वहीत अर्धा इंच खोटा लिहायची नाही ती. छापून आलेलं खोटं तिने स्वतःच्या अंगावर खरं करायला घेतलं होतं. आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, बरं केलंस, कायम राहील. डॉक्टरकडे ती गेलीच नाही. आता तिला बरं वाटत नाही, हे कोणत्या तोंडाने सांगणार? तिचं बरं वाटणं अंकात छापून आलं होतं.

सातव्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाचं माप घेताना ती टेप हातात धरूनच खाली कोसळली.

हॉस्पिटलात तपासणारी डॉक्टर तरुण होती. तिने ताईच्या गळ्याला हात लावला आणि विचारलं, “ही गाठ कधीपासून आहे?”

भाऊजी म्हणाले, “काय माहीत, आठ-दहा दिवस असतील. मी तर आजच बघतोय.”

“थांबा,” मी म्हटलं.

मी तशीच ऑफिसात गेले, मूळ फोटो उघडला, छापून घेतला आणि परत आले. अंकही आणला. डॉक्टरने दोन्ही टेबलावर शेजारी ठेवले.

“यात आहे. यात नाही,” ती म्हणाली.

“यातून मी काढली.”

“काढली म्हणजे?”

“उजवीकडचा खळगा डावीकडे लावला.”

तिने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ही माझ्या थोबाडीत मारेल, आणि मारली असती तर बरं झालं असतं. पण तिने फक्त फोटोवरची तारीख कागदावर उतरवून घेतली.

लिंफच्या गाठींचा कॅन्सर निघाला. उशीर झालाय, डॉक्टर म्हणाली, पण वेळ अजून हातातून गेलेली नाही. उपचार लागू पडतो. फक्त त्यांचं शरीर अगदी संपलंय. दर सोमवारी वजन करू. वजन आणखी घसरलं तर केमोचा पुढचा डोस देता येणार नाही. त्यांना खायला घाला, काहीही घाला, पण घाला.

ऑफिसात मी संपादकबाईंना सांगितलं की पुढच्या अंकात खरं काय ते छापा. त्यांच्या टेबलावर पत्रांचा गठ्ठा होता. सगळी ताईच्या पानाची. एका बाईने लिहिलं होतं, माझी मुलगी सोळा वर्षांची आहे, तिच्यासाठी हीच यादी चालेल का?

“वाचकांना घाबरवायचं का आपण?” संपादकबाई म्हणाल्या. त्यांनी इंचटेपला बोलावलं. त्याने सगळं ऐकून घेतलं, डोकं खाजवलं, आणि त्याचे डोळे चमकले. हे डोळे मी ओळखते. त्याला पान सुचलं की असे होतात.

“झुंज!” तो म्हणाला. “डोक्याला रुमाल बांधून घेऊ. केस जायच्या आत एक, गेल्यावर एक. चेहरा अजून छान आहे ना त्यांचा? खोडरबर, गाल फार बसले असतील तर तू बघशीलच.”

मला खरोखर उलटी झाली. त्याच्या टेबलाखालच्या कागदाच्या टोपलीत. तो पाय वर घेऊन “अरे, अरे!” करत होता. तोंड पुसून मी ड्रॉवरमधून माझा डबा काढला आणि निघाले, ती परत गेले नाही. माझी फार मोठी नीतिमत्ता वगैरे नाही. त्या टोपलीत पडलं तसलं काहीतरी बारा वर्षं मी वाचकांच्या ताटात वाढत होते, एवढंच मला कळलं.

हॉस्पिटलात ताई प्रसिद्ध होती. वॉर्डातल्या नर्सने तिला ओळखलं, “त्या फोटोतल्या तुम्हीच ना?” मग शेजारच्या वॉर्डातून बायका यायला लागल्या. ताई उशीला टेकून बसायची, ओठांना काहीतरी लावायची. मी सूप आणायचे, ब्रेड-लोणी आणायचे, उकडलेली अंडी आणायचे. भांडी रिकामी परत जायची. मी खूश होते.

पहिल्या सोमवारी नर्सने काटा पलंगाजवळ आणला. ताई उतरली. तिने आधी शाल काढली. मग चपला काढल्या. मग हातातलं घड्याळ. काट्यावर चढली आणि तिने श्वास आत ओढून पोट आत घेतलं. पोट कुठलं, पाठीला लागलं होतं ते. तरी घेतलं. मी तिथेच उभी होते, आणि आमच्या स्टुडिओतली प्रत्येक बाई मला तिच्यात दिसत होती.

“त्रेचाळीस,” नर्स मोठ्याने म्हणाली. “अहो, दीड किलो उतरलं!”

“हळू बोला ना,” ताई म्हणाली. पण तिच्या चेहऱ्यावर, देवा, तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

डोस थांबवला. आठ दिवस बघू म्हणाले.

ती तपासणीला गेली तेव्हा चादर नीट करताना मी पलंगाशेजारचा खण उघडला. आत कागदी रुमालांच्या पुरचुंड्या होत्या. ब्रेड. अंडी. लोणी वितळून खालच्या अंकावर पसरलं होतं, बरोबर तिच्याच पानावर. आंबट वास सुटला होता.

ती आली. मी खण उघडाच ठेवला होता.

“तुझा अंक वाचणाऱ्या बायका बघायला येतात गं,” ती म्हणाली. चोरी करताना पकडलेल्या पोरीसारखी बोलत होती. “सगळ्या म्हणतात, अशीच राहा. उभ्या जन्मात मला पहिल्यांदा कुणी अशीच राहा म्हटलंय. परत गोणी झाले तर?”

मी पिशवीतून मूळ फोटो काढला आणि तिच्या हातात दिला. तो तिने अजून पाहिला नव्हता. ती शिंपीण आहे. तिला दोन खांद्यांमधला फरक शोधायला वेळ लागत नाही. तिचं बोट सरळ त्या गाठीवर गेलं. मग दुसरा हात स्वतःच्या गळ्यावर.

“हे तेव्हाच होतं?”

“हो.”

“पण अंकात नाहीये.”

“मी काढलं.”

“तुला दिसलं होतं?”

“हो.”

“मग मला सांगितलं का नाहीस?”

मी बरीच उत्तरं जुळवून ठेवली होती. सावली वाटली, घाई होती, आपल्याला काय कळतं. ती तोंडात आलीच नाहीत.

“वाईट दिसत होतं,” मी म्हटलं. “म्हणून काढलं.”

मग तिने खणात हात घातला, एक पुरचुंडी काढली, शिळा ब्रेड सोडवला आणि खायला लागली. घशाखाली उतरत नव्हता. पाण्याच्या घोटाबरोबर ढकलत होती, आणि ढकलताना नजर माझ्यावरून काढत नव्हती. “ताई, तो नको, मी ताजा आणते,” मी म्हटलं. तिने हाताने मला बाहेर जा म्हणून खूण केली.

आठवडाभर मी डबा दाराशी ठेवत होते. भाऊजी आत न्यायचे. काय खाल्लं ते तेच सांगायचे.

पुढच्या सोमवारी मी दारात उभी राहिले. नर्सने काटा आणला. ताई चपला घालून उतरली. शाल अंगावर होती, घड्याळ हातात. नर्स म्हणाली, “चपला काढा हो, खरं वजन कळायला हवं.” ताईने काढल्या. शाल, घड्याळ पलंगावर ठेवलं. मग काट्यावर चढली आणि पोट सैल सोडून उभी राहिली.

नर्स वाकली. आकडा बघून ताईच्या कानाशी तोंड नेऊ लागली, गेल्या वेळचं तिच्या लक्षात होतं.

“मोठ्याने सांगा,” ताई म्हणाली.

“सव्वा चव्वेचाळीस. सव्वा किलो वाढलं.”

“अजून मोठ्याने. दारात उभी आहे तिला ऐकू गेलं पाहिजे.”

नर्सने माझ्याकडे वळून आकडा परत सांगितला. डोस त्याच दुपारी सुरू झाला. ताई माझ्याशी अजून बोलत नाही.